ब्रेकची हवा निघत नसेल, तर तेल नव्हे, कारण शोधा



आपल्याकडे बैलगाडीची जागा आता पिकअपने घेतली आहे. टोमॅटो, कांदा, कोथिंबिरीच्या जुड्या, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, सगळे त्याच गाडीतून जाते. बैलाला पत्री मारायची वेळ झाली की कोणी न सांगता आपण त्याला जुंपायचे थांबतो. गाडीच्या ब्रेकचे तसे होत नाही. पायडल खाली जायला लागले, तरी "दोनदा पंप मारला की लागतोय की," असे म्हणत आपण महिना काढतो. आज या 'दोनदा पंप मारण्या'बद्दलच लिहायचे आहे.

मी काही मोटार मिस्त्री नाही. कृषी पदविकेला ट्रॅक्टर आणि इंजिनाची देखभाल शिकलो, तेवढाच माझा यंत्राशी संबंध. पण गेल्या उन्हाळ्यात घरातच एक प्रसंग घडला. त्यानंतर जाणत्या मिस्त्रींकडून हा विषय मुळापासून समजून घेतला. तो आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या चुलत्यांची, म्हणजे अण्णांची, पिकअप आहे. शेत ओतूरच्या बाजूला, टोमॅटोचा तोडा चालू होता. नारायणगावचा बाजार हाताशी, पण त्या आठवड्यात कल्याणच्या व्यापाऱ्याशी बोलणे झाले होते. म्हणजे भरलेली गाडी माळशेज घाट उतरून जाणार. चारच दिवस आधी पुढच्या चाकांचे कॅलिपर गळत होते म्हणून एका गॅरेजात दोन्हीकडे नवीन किट टाकून घेतली होती. तेव्हापासून पायडल मऊ. गॅरेजवाल्याने हवा काढली, परत काढली, अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या ब्रेक ऑइल संपले. पायडल मात्र ओल्या गादीवर पाय ठेवावा तसेच. शेवटी तो म्हणाला, "नवीन किट आहे, चालवून चालवून बसेल."

संध्याकाळी सत्तर क्रेट भरून झाले. क्रेटमागे वीस किलो धरले तरी १४०० किलो माल. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तीन पंप मारले की लागतोय. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, काही होत नाही." अण्णा काहीच बोलेनात. पिकलेला टोमॅटो थांबत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. मी म्हणालो, "अण्णा, एक रात्र थांबू. मिस्त्री मामांना बोलावू." पूर्वी पंचायत समितीच्या जीपा दुरुस्त करणारे हे वयस्कर मिस्त्री. ते आले, बॅटरी घेऊन पुढच्या चाकापाशी वाकले आणि दोन मिनिटांत हसले. त्यांना काय दिसले ते पुढे सांगतो. आधी हा ब्रेक चालतो कसा, ते पाहू.

पाइपलाइन ज्याला कळते, त्याला ब्रेक कळतो

शाळेत आपण पास्कलचा नियम शिकलो. बंद नळीतल्या द्रवाला एका टोकाला दाबले की तो दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेलाला ढकलतो. ते तेल पाइपातून चारही चाकांकडे दाब नेते. पुढे डिस्कवर पॅड आवळले जातात, मागे ड्रमच्या आत शू फाकतात आणि गाडी थांबते. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा सगळा जोर चाकापर्यंत जातो.

हवेचे तसे नाही. ती आक्रसते. नळीत हवेचा फुगा असला की पायाचा जोर आधी त्या फुग्याला दाबण्यात खर्च होतो आणि चाकापर्यंत जाईतो पायडल तळाला टेकते. आणखी एक लक्षात ठेवा, हवा नेहमी उंच जागी जाऊन बसते. आपण पाइपलाइनला चढावर एअर व्हॉल्व्ह बसवतो तो कशासाठी? ब्रेकमधल्या हवेचाही हाच स्वभाव आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली, तर निम्मे दोष आपोआप सापडतात.

आधी पायडल काय सांगते ते ऐका

हवा काढायला बसण्यापूर्वी दोष हवेचाच आहे ना, याची खात्री करा. कित्येकदा दोष निराळा असतो आणि आपण बाटल्यांवर बाटल्या ओततो.

पायडल स्पंजासारखे लागते, पंप मारल्यावर थोडे वर येते, पण तरीही मऊच राहते. असे असेल तर तेलात हवा आहे.

पहिल्या दाबाला पायडल खोल जाते, लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन चांगले कडक लागते. इथे बहुधा हवा नसते. मागचे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. ते ॲडजस्ट करा.

पाय दाबून धरला की पायडल हळूहळू खाली सरकते. कुठेतरी तेल गळते आहे. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या जोडांवर ओल पाहा. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी वॉशर गेले आहेत आणि तेल आतल्या आत मागे फिरते आहे. अशा गाडीची दिवसभर हवा काढलीत तरी उपयोग नाही.

पायडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही. मग बूस्टर, तेल-ग्रीस लागलेले लायनर किंवा तापलेले ब्रेक बघा. हा हवेचा दोष नव्हे.

आणि बंद गाडीत पायडल चार-पाच वेळा दाबून पाय तसाच ठेवला, मग इंजिन चालू केले की पायडल थोडे खाली जाते. ते बघून घाबरू नका. बूस्टर काम करत असल्याची ती खूण आहे.

हवा काढायची रीत

गाडी सपाट जागेवर लावा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅक लावायचा असेल तर माल आधी उतरवा आणि गाडी लाकडी टेकूवर किंवा घोडीवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरचा जोर निघून जाईल. ऑइलच्या टाकीचे झाकण काढण्याआधी भोवतालची धूळ पुसा. टाकी काठोकाठ भरा आणि काम चालू असताना ती अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. टाकी रिकामी झाली की नवीन हवा आत गेली आणि केलेले काम पाण्यात गेले.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यायचे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप-जीपमध्ये आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही कारमध्ये पाइपांची जोडणी तिरकी असते, तिथे क्रम वेगळा असतो. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहा.

चाकाच्या निप्पलवर आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी लावा. नळीचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडालेले हवे. एक माणूस पायडलवर, एक चाकापाशी. पायडलवरचा दोन-तीनदा सावकाश दाबतो आणि दाबून धरतो. चाकापाशी बसलेला निप्पल पाऊण आटा ढिले करतो, तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, तो निप्पल आवळतो आणि मगच "सोड" म्हणतो. 'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. पायडलवर बहुधा घरातले पोर बसवलेले असते, ते कंटाळून आधीच पाय उचलते आणि गेलेली हवा परत आत ओढली जाते.

जुन्या गाडीत पायडल तळाला आपटू देऊ नका. मास्टर सिलिंडरचा रोज न वापरला जाणारा भाग आतून गंजलेला असतो. वॉशर तिथपर्यंत गेले की त्याला चरे पडतात आणि आज चांगला असलेला सिलिंडर उद्या गळतो. पायडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा. आणि पायडल भराभर आपटूही नका. त्याने एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत. तसे झाले तर गाडी तासभर तशीच राहू द्या, मग पुन्हा सुरू करा.

तरीही निघत नसेल तर

आता मुख्य मुद्दा. एवढे सगळे नीट करूनही पायडल मऊच राहिले, तर पुढच्या बाटलीचे सील तोडू नका. हात पुसा आणि एकेक कारण तपासा.

निप्पल कुठे आहे? मिस्त्री मामा हसले ते यासाठीच. किट टाकताना गॅरेजमध्ये डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला होता. दिसायला दोन्ही सारखे, बोल्टही बसतात, ब्रेक लागतोही. पण निप्पल जे वरच्या टोकाला हवे, ते खालच्या टोकाला आले. हवा वर अडकून बसलेली आणि आपण खालून तेल काढतोय. मामा म्हणाले, "टाकीच्या बुडाचा नळ सोडून वरची हवा निघंल काय?" तीन बाटल्या ऑइल असे वाया गेले. कॅलिपर किंवा सिलिंडर कधीही उतरवला असेल, तर हे सर्वांत आधी पाहा. वाकून बघायला पैसे पडत नाहीत.

मागची चाके लटकत आहेत का? पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडीवर भार असला की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, गाडी रिकामी असली की कमी. चेसिस जॅकवर उचलून ॲक्सल खाली लटकू दिला, तर व्हॉल्व्हला वाटते गाडी अगदी रिकामी आहे आणि तो मागचा दाब तोडतो. मग मागच्या निप्पलमधून तेल नीट येतच नाही. अशा गाडीची मागची हवा चाके जमिनीवर ठेवून किंवा टेकू ॲक्सलखाली देऊन काढा. काही गाड्यांत या व्हॉल्व्हलाही स्वतःचे निप्पल असते, ते विसरू नका.

मागचे शू ढिले आहेत का? शू ड्रमपासून लांब असतील तर सगळी हवा काढूनही पायडल खोलच जाईल. शू अगदी किंचित घासतील इतके जवळ आणा, मग पायडल बघा.

मास्टर सिलिंडर कोरडा बसवला का? नवीन मास्टर सिलिंडर गाडीला लावण्याआधी त्याची हवा बाहेरच काढावी लागते. तो व्हाइसमध्ये आडवा धरून दोन छोट्या नळ्या त्याच्या तोंडांतून परत टाकीत बुडवायच्या आणि दट्ट्या सावकाश दाबत राहायचे, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडा सिलिंडर तसाच बसवला तर त्यातली हवा चाकापर्यंत येतच नाही, तिथल्या तिथे पुढे-मागे होत राहते. काही गाड्यांत सिलिंडरचे पुढचे टोक थोडे वर असते आणि हवा तिथे अडकते. अशा वेळी गाडीची मागची बाजू उंच करून बघा.

दोष मास्टर सिलिंडरमध्ये की त्याच्या पुढे, हे कळायला मिस्त्रीकडे सोपी तपासणी आहे. सिलिंडरची तोंडे योग्य आट्याच्या प्लगने बंद करायची आणि पायडल दाबायचे. ते वरच्या वर कडक लागले तर सिलिंडर ठीक, दोष पुढच्या पाइपांत किंवा चाकांत. मऊ लागले किंवा खाली सरकले तर सिलिंडरच काढायचा.

होज पाइप आतून बुजला आहे का? रबरी होज बाहेरून धडका दिसतो, पण आतून फुगून भोक बारीक झालेले असते. निप्पल सोडूनही तेल थेंबथेंबच येते किंवा ब्रेक सोडल्यावर चाक मोकळे होत नाही, ही त्याची लक्षणे. तडे गेलेला किंवा फुगणारा होज सरळ बदला.

हवा नव्याने तर आत येत नाही ना? विहिरीवरच्या मोटरीच्या सक्शन पाइपला बारीक छिद्र पडले तर पाणी बाहेर गळत नाही, पण हवा आत ओढली जाते आणि मोटर पाणी सोडते. ब्रेकमध्येही झिजलेल्या व्हील सिलिंडरच्या वॉशरमधून असे होऊ शकते. आज हवा काढली, आठवड्याने परत पायडल मऊ, अशी तक्रार असेल तर ड्रम उघडून सिलिंडरचे रबरी बूट उचलून पाहा. आत ओल दिसली की किट नाही, शक्यतो सिलिंडरच नवा टाका. उलट, हवा ओढणाऱ्या पंपाने काम करताना निप्पलच्या आट्यांतूनही हवा येते आणि बाटलीत बुडबुडे संपत नाहीत. ती आतली हवा नसते. दोन माणसांच्या रीतीने खात्री करा.

एबीएस असलेली गाडी आहे का? एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचे आहे. त्याच्या पेटीत हवा शिरली तर काही गाड्यांत ती कंपनीचे यंत्र जोडूनच काढावी लागते. तिथे पान्याने झटापट करू नका.

ऑइल कोणते घालता?

बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते. टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच घाला. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब घाटात सारखा ब्रेक दाबून चाके तापतात, जुने ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दबते. वरून निघताना चांगले असलेले पायडल मध्येच तळाला जाते. खाली गाडी थंड झाली की पायडल पुन्हा नीट, म्हणून कोणाला दोषही सापडत नाही. यासाठी साधारण दर दोन वर्षांनी किंवा पुस्तिकेप्रमाणे ऑइल बदला. उघडून महिनोन्‌महिने पडलेली बाटली वापरू नका.

इंजिन ऑइल, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल, डिझेल यांचा एक थेंबही ब्रेकच्या टाकीत जाऊ देऊ नका. त्याने सगळे रबरी वॉशर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. ब्रेक ऑइल रंगावर पडले तर रंग उतरतो, लगेच पाण्याने धुवा. ते विषारी आहे, बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका. निघालेले जुने ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजात द्या.

गावातल्या पदाधिकाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांना एक विनंती. ग्रामपंचायतीची घंटागाडी, दूध संस्थेची गाडी, शाळेत मुले नेणारी गाडी यांच्या वहीत डिझेलची नोंद असते, तशी ब्रेकचीही ठेवा. ऑइल कधी बदलले, कोणते घातले, लायनर कधी टाकले, एवढ्या तीन ओळी पुरेत. चालकाने "पायडल मऊ लागतंय" असे सांगितले तर त्याला कामचुकार म्हणू नका, गाडी उभी करा. जत्रेच्या दिवसांत मालगाडीत माणसे भरून घाटात जाणे कायद्याला धरून नाही. त्यात ब्रेक असे असतील तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

चालकांनाही दोन गोष्टी. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि इंजिनाचा अटकावही राहत नाही. आणि वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला ब्रेकला चौपट काम पडते. म्हणून घाटाच्या तोंडाशीच खालचा गिअर टाका, मध्यावर गेल्यावर नव्हे.

दुरुस्ती झाल्यावर गाडी आधी रिकामी, सपाट रस्त्यावर, माणूस चालतो तितक्या वेगाने नेऊन ब्रेक बघा. मग वेग वाढवा, मग माल भरा. घाट शेवटी.

आमच्या गाडीचे काय झाले? रात्री सत्तर क्रेट खाली उतरवले. सकाळी मामांनी दोन्ही कॅलिपर आपापल्या जागी बसवले, होजच्या जोडाला तांब्याचे नवे वॉशर टाकले आणि एका बाटलीत हवा काढून पायडल खणखणीत केले. कल्याणचा वायदा हुकला. तो माल नारायणगावला दिला, ठरल्यापेक्षा कमी पैसे आले. चुलतभाऊ दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या तोड्याचा माल घेऊन घाट उतरून आला आणि म्हणाला, "दादा, परवा अर्ध्या घाटात एक ट्रक आडवा आला होता म्हणे. आज तिथूनच आलो." पुढे तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

टोमॅटो पुढच्या तोड्याला पुन्हा येतो. म्हणून उद्या गाडी भरण्याआधी एकदा पायडलवर पाय ठेवून बघा. पंप मारावा लागत असेल तर गाडी भरू नका.